सिनेमा बघायच्या सात पद्धती शिकले, पण एक सीन धड वाचता येत नाहीये

कोरी_वही

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी संख्याशास्त्रात पदवी घेतली आणि मग फिल्म स्टडीजला आले. पहिल्या तीन महिन्यांत आम्हाला धडाधड सगळं शिकवलं, रूपवाद म्हणजे फॉर्मॅलिझम, वास्तववाद, ऑथर थिअरी म्हणजे दिग्दर्शकच सिनेमाचा खरा कर्ता हा विचार, चिन्हमीमांसा, मनोविश्लेषण, मार्क्सवादी वाचन, स्त्रीवादी वाचन. प्रत्येक लेक्चर ऐकताना वाटतं की बास, हेच खरं, आणि पुढच्या आठवड्यात दुसरं लेक्चर झालं की आधीचं सगळं खोटं वाटायला लागतं.

खरी अडचण असाइनमेंटला आली. दीड हजार शब्दांत एका सिनेमाचं विश्लेषण करायचं होतं. मी ‘बायसिकल थीव्ज’ घेतला, डे सिकाचा इटालियन सिनेमा, ज्यात गरीब अंतोनियोची नोकरीसाठी लागणारी सायकल चोरीला जाते आणि तो लहानग्या ब्रुनोला, म्हणजे मुलाला, घेऊन ती शोधत फिरतो, कारण तो मला मनापासून आवडतो, शेवटी दर वेळी रडू येतं. मी काय केलं तर सातही पद्धतींना एकेक परिच्छेद दिला, वाटलं की सगळं कव्हर केलंय म्हणजे छान मार्क मिळतील. वही परत आली तर समासात एवढंच लिहिलेलं, ‘यात सिनेमा कुठे आहे?’ आणि खाली ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. दोन दिवस वाईट वाटलं, पण परत वाचलं तेव्हा पटलं, कारण त्या परिच्छेदांतून सिनेमाचं नाव काढून दुसरं कुठलंही घातलं असतं तरी काही फरक पडला नसता.

तर माझे प्रश्न असे. पद्धत आधी ठरवायची की सिनेमा आधी बघायचा? या पद्धती एकमेकींच्या विरोधात आहेत त्याचं काय करायचं, म्हणजे सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन म्हणतो अर्थ कटमध्ये, दोन शॉट जोडण्यात आहे आणि फ्रेंच समीक्षक बाझाँ म्हणतो कापू नका, मग विद्यार्थ्याने कुणाचं ऐकायचं? आणि तिसरं, मनोविश्लेषण आणि स्त्रीवादी वाचन लिहिताना मला सतत वाटत राहतं की मी ओढूनताणून काहीतरी चिकटवतेय. हे सगळ्यांना होतं का, की मलाच जमत नाहीये?

पुढचं सबमिशन तीन आठवड्यांनी आहे, सिनेमा तोच घेतला तरी चालेल असं सांगितलंय. वयाने लहान आहे, एकेरीच बोला.

कैची_आणि_टेप

जमत नाहीये असं अजिबात नाही, तुझा गोंधळ योग्य जागी झालाय. मी संकलनात काम करतो, थिअरी उशिरा वाचली, त्यामुळे माझं उत्तर टेबलावरून आलेलं आहे असं समज.

पद्धत आधी की सिनेमा आधी, याला माझं उत्तर सिनेमा आधी, आणि सिनेमा म्हणजे दीड तासाचा अख्खा सिनेमा नव्हे तर त्यातली तीन मिनिटं. एक सीन निवड आणि तो पाच वेळा बघ. एकदा साधा, एकदा आवाज बंद करून, एकदा चित्राकडे पाठ करून नुसता ऐक, एकदा प्रत्येक कटला थांबून, आणि शेवटी परत साधा. चौथ्या वेळी वहीत रकाने आख, शॉट नंबर, किती सेकंद, माणूस फ्रेममध्ये किती मोठा दिसतो, कॅमेरा हलतो का, कुठला आवाज आहे, आणि कोण कुणाकडे बघतंय. या रकान्यांत अर्थ लिहायचा नाही, ‘दुःखी चेहरा’ असंसुद्धा नाही, ‘मान खाली, डोळे दिसत नाहीत’ असं लिही. सुरुवातीला कंटाळा येतो पण हीच सगळ्यात महत्त्वाची मेहनत आहे, आणि तुझ्या असाइनमेंटमधून नेमकी हीच गायब होती.

तुझ्याच सिनेमातलं दाखवतो. नोकरीसाठी सायकल हवी आणि सायकल तर गहाण पडलीय, म्हणून अंतोनियोची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि दोघं त्या गहाण टाकायला नेतात, तो सीन. चादरींचे पैसे मिळाले, अंतोनियो पलीकडच्या खिडकीशी सायकल सोडवून घ्यायला उभा आहे, आणि तिथून त्याला आत दिसतं की एक कर्मचारी त्यांचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढतोय. कॅमेरा त्याच्यामागे वर सरकायला लागतो. तो माणूस चढतोय, चढतोय, आणि आपल्याला खालपासून वरपर्यंत तसलीच गाठोडी दिसत जातात, एकावर एक, रचून ठेवलेली. कॅमेरा नुसता वर जातो, एवढंच. कुणी एक शब्द बोलत नाही.

आता बघ, एवढं वर्णन झालं की प्रश्न आपोआप पडायला लागतात. कट करून गाठोड्यांचा वेगळा शॉट का नाही लावला, वर जाण्यातच का दाखवलं? हा रूपाचा प्रश्न झाला. इतक्या घरांच्या चादरी इथे कशा आल्या? हा मार्क्सवादी प्रश्न. त्या चादरी कुणी काढल्या, निर्णय कुणी घेतला, आणि नोकरी कुणाला मिळाली? हा स्त्रीवादी प्रश्न. एकच शॉट आहे, आणि तीन पद्धती म्हणजे त्याला विचारलेले तीन प्रश्न आहेत. पद्धत हे उत्तर आहे असं समजून तू लिहिलंस म्हणून सगळं वरवरचं झालं. तुला स्वतःला त्या शॉटमध्ये जे खटकलं, जिथे तू थांबलीस, तिथला प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते बघ आणि तीच पद्धत धर. बाकीच्या सहा सोडून दे, त्या पळून जात नाहीत.

आणि तू संख्याशास्त्राची आहेस तर एक गोष्ट मुद्दाम सांगतो, बॅरी सॉल्ट नावाचा एक अभ्यासक, मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस, त्याने 1974 मध्ये सिनेमाच्या शैलीचा सांख्यिकी अभ्यास मांडला. शॉटची सरासरी लांबी काढायची, क्लोजअप किती, मिडशॉट किती हे मोजायचं आणि मग सिनेमांची, दिग्दर्शकांची तुलना करायची. नुसत्या सरासरीवर जाऊ नकोस हे तुला मी सांगायची गरज नाही, दोन सेकंदांचे वीस शॉट आणि मग दीड मिनिटाचा एक, हे सरासरीत बुडून जातं आणि सगळी गंमत त्या एकातच असते. पण मोजण्याची सवय तुझ्याकडे आहे, ती इथे उपयोगाची आहे.

पडद्यामागची_रांग

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त आयझेनस्टाइन आणि बाझाँबद्दल सविस्तर लिहायचंय कारण हे भांडण चुकीच्या पद्धतीने शिकवलं जातं असं मला फार वाटतं. दोन पक्ष, एक निवडा, असं नाहीये ते. कुठली थिअरी कधी आणि कुठल्या सिनेमांसमोर बसून लिहिली गेली ते बघितलं की बराचसा विरोध विरघळतो.

1920 च्या दशकातल्या सोव्हिएत रशियात सिनेमा मुका होता, माध्यम नवीन होतं आणि क्रांतीनंतर सगळंच नव्याने रचायची ईर्षा होती. दिग्दर्शक कुलेशॉव्हचा प्रयोग तुम्हाला शिकवला असेलच, एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, त्याला एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, आणि बघणाऱ्यांना वाटलं की नट काय सुंदर अभिनय करतोय. त्या प्रयोगात नेमके कुठले शॉट होते याचीही वेगवेगळी वर्णनं सापडतात, त्यामुळे तो पुराव्यासारखा वापरू नकोस, पण त्यामागची कल्पना खरी आहे. आणि आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ 1925 चा, त्यातले दगडी सिंह आठव. एक झोपलेला, एक जागा झालेला, एक उठून बसलेला. हे तीन वेगवेगळे पुतळे आहेत, पण एकापाठोपाठ एक लावले आणि दगड उठून बसला. हे ज्याने स्वतः करून बघितलंय तो माणूस अर्थ कटमध्ये आहे असं म्हणणारच ना.

आता बाझाँ. तो लिहितोय दुसऱ्या महायुद्धानंतर, 1951 मध्ये निघालेल्या काये द्यू सिनेमा या फ्रेंच मासिकाचा तो एक संस्थापक, 1958 मध्ये वयाच्या चाळिशीत गेलासुद्धा. त्याच्यासमोर आवाज असलेला सिनेमा आहे, इटलीचे नववास्तववादी सिनेमे आहेत आणि ‘सिटिझन केन’ आहे. त्यातला तो बर्फाचा सीन बघ, घरात आई कागदांवर सही करतेय, म्हणजे मुलाचा ताबा दुसऱ्याकडे देतेय, आणि मागे खिडकीच्या चौकटीतून लांबवर तो मुलगा बर्फात खेळताना दिसतो, त्याला काही माहीत नाही. ग्रेग टोलंडचा कॅमेरा, पुढचं आणि मागचं दोन्ही स्पष्ट. इथे कट करून आधी सही आणि मग मुलगा असं दाखवलं असतं तर दिग्दर्शकाने आपलं बोट धरून नेलं असतं. इथे दोन्ही एकाच वेळी समोर आहे आणि कुठे बघायचं ते आपल्यावर सोडलंय. बाझाँचं म्हणणं हे आहे. त्याने कट करूच नका असा फतवा काढलेला नाही, दोन गोष्टी एकाच जागेत एकाच वेळी घडतायत यातच जर सीनचा जीव असेल तर तिथे कापलं की जीव जातो, असं तो सांगतो.

म्हणजे तू कुणाचं ऐकायचं तर सिनेमाचं. पोटेमकिनसमोर बाझाँ घेऊन बसलीस तर हाताला फारसं काही लागणार नाही आणि लांबलचक शॉट असलेल्या सिनेमासमोर मोंताज, म्हणजे कट जोडून अर्थ रचायची कल्पना, घेऊन बसलीस तरी तेच. पण कधीतरी मुद्दाम उलटं करूनही बघावं. ‘बायसिकल थीव्ज’ला सगळे वास्तववादी म्हणतात, खऱ्या रस्त्यांवर चित्रित केलेला, नायकाचं काम करणारा मज्जोरानी खरोखरचा कारखान्यातला कामगार, सगळं खरं. अशा सिनेमात कट कुठे कुठे आणि का आहेत हे नुसतं मोजलंस तर कळेल की तो साधेपणा किती बारकाईने रचलेला आहे. शेवटी स्टेडियमबाहेर अंतोनियो भिंतीला टेकवलेली एकटी सायकल बघतो तिथे बघ, तो, सायकल, परत तो, स्टेडियमपाशी ओळीने लावलेल्या सायकली. त्याच्या मनात काय चाललंय हे कुणीही तोंडाने सांगत नाही, कट सांगतात. कुलेशॉव्हचा चेहरा तिथे आहे, वास्तववादी सिनेमाच्या ऐन मध्यावर.

कोरी_वही

बाप रे, किती मनापासून लिहिलंय तुम्ही दोघांनी. गाठोड्यांचा सीन मी चार वेळा बघितला होता पण अंतोनियो खिडकीतून ते बघतोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी म्हणत होते की कॅमेरा दाखवतो. तो बघतोय हे कळल्यावर मला तो शॉट एकदम वेगळा वाटायला लागला. आज रात्री शेवटचा भाग रकाने आखून बघते.

पण ओढूनताणूनवाला प्रश्न राहिला. स्त्रीवादी परिच्छेदात मी लिहिलं होतं की अंतोनियो नोकरीचं काम म्हणून भिंतीवर रिटा हेवर्थ या नटीचं पोस्टर चिकटवतो, ही पुरुषी नजर आहे. लिहिताना मलाच ते खोटं वाटत होतं.

उजेड_अंधार

कोरी_वही, तुला ते खोटं वाटलं ना, त्या वाटण्यावर विश्वास ठेव, मी पंधरा वर्षं शिकवतेय आणि विद्यार्थ्यांना मी हेच सांगते की बादरायण संबंध जोडताना जी टोचणी लागते ती दाबू नका.

‘पुरुषी नजर’ ही कल्पना मांडणारा, स्त्रीवादी अभ्यासक लॉरा मल्व्हीचा लेख 1975 चा, ‘स्क्रीन’ या नियतकालिकात आलेला. तिने ‘पुरुषी नजर’ हा शब्द सिनेमात बाई दिसली की लावायचं लेबल म्हणून दिलेला नाही. तिचं म्हणणं नेमकं आहे, सिनेमात तीन नजरा असतात, कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडे, आणि तिने अभ्यासलेल्या हॉलिवूडच्या सिनेमांत, त्यात हिचकॉक आणि स्टर्नबर्गचे मुख्य, पहिल्या दोन नजरा तिसरीत लपवल्या जातात, पुरुष पात्र बघतं आणि आपण त्याच्या डोळ्यांतून बघतो. म्हणजे हे कॅमेरा आणि कट यांच्या रचनेबद्दलचं विधान आहे, वर कैची_आणि_टेप यांनी ‘कोण कुणाकडे बघतंय’ हा रकाना आखायला सांगितलाय त्याच रकान्यातलं. तो रकाना भरल्याशिवाय मल्व्ही वापरताच येत नाही.

मग पोस्टरचा सीन भर त्या रकान्यात. अंतोनियो शिडीवर आहे. त्याचे डोळे कागदावर आहेत, पण ते त्या नटीकडे बघत नाहीयेत, कागद नीट बसावा म्हणून बघतायत. नवीन नोकरी, पहिला दिवस, हात सरावलेला नाही. आणि त्याच वेळी खाली चोराची नजर सायकलवर आहे. त्या भिंतीवर हॉलिवूडची सगळ्यात झगमगीत नटी आहे आणि त्या सगळ्या सीनमध्ये तिच्याकडे ती म्हणून कुणीच बघत नाहीये! हे तू लिहिलं असतंस तर मल्व्हीला छेद देणारं, पण मल्व्हीशिवाय सुचलंच नसतं असं काहीतरी झालं असतं. पद्धत सिनेमाला लागू पडत नाही ती जागासुद्धा लिहिण्यासारखी असते, बऱ्याचदा जास्तच.

आणि स्त्रीवादी वाचन करायचंच असेल तर पोस्टर सोड आणि मारियाकडे बघ. चादरी ती काढते, नवऱ्याला हलवून उठवणारी ती आहे. आणि सायकल चोरीला गेल्याच्या रात्रीनंतर ती पडद्यावर येतच नाही. दुसऱ्या दिवशीचा सगळा शोध बापलेकाचा आहे. ती जी भविष्य सांगणारी बाई आहे, सुरुवातीला मारिया तिच्याकडे जाते म्हणून अंतोनियो मारियाला वेड्यात काढतो, आणि नंतर सगळे उपाय संपल्यावर स्वतः तिच्याच दारात जाऊन बसतो. बायको चौकटीबाहेर गेलीय पण तिची वाट त्याला धरावी लागते. हे ओढूनताणून आहे का? माझ्या मते नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट तू बोट ठेवून दाखवू शकतेस.

मी एक कसोटी वापरते. आपलं विधान लिहून झालं की स्वतःला विचारायचं, सिनेमात काय वेगळं असतं तर हे विधान खोटं ठरलं असतं? मारिया शेवटच्या सीनमध्ये असती तर वरचं विधान पडलं असतं. म्हणजे विधानाला काहीतरी पणाला लागलंय. ‘या सिनेमात पुरुषप्रधान समाजाचं प्रतिबिंब दिसतं’ हे मात्र कशानेच खोटं ठरत नाही, म्हणून त्याचा उपयोग नाही. मनोविश्लेषणाला तर ही कसोटी दुप्पट कडक लावावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे ‘नाही’ म्हटलं तरी त्याला दडपलेलं ‘हो’ म्हणायची सोय असते आणि विद्यार्थी त्या सोयीत वाहून जातात.

मल्व्हीचा लेख म्हणजे शेवटचा शब्द असंही समजू नकोस. मग बाईप्रेक्षक कुठे बसते, हा प्रश्न लगेच विचारला गेला आणि तिने स्वतः 1981 मध्ये त्यावर पुन्हा लिहिलं. बेल हुक्स यांनी 1992 मध्ये काळ्या स्त्रियांच्या नजरेबद्दल लिहिलं, ज्यांना पडद्यावर स्वतःचं कुणी दिसतच नाही त्या कशा बघतात, तर प्रतिकार करत बघतात. प्रत्येक पद्धतीत असं आतून भांडण चालू असतं. तुम्हाला सात लेक्चरमध्ये सात बंद डबे दिले गेले त्यामुळे हे दिसत नाही, यात तुझा काही दोष नाही.

कान_देऊन

चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून थोडंसं. सगळे डोळ्यांबद्दलच बोलतायत, कानाचा रकाना विद्यार्थी नेहमी रिकामा ठेवतात. ‘पथेर पांचाली’त हरिहर परत येतो, सगळ्यांसाठी आणलेल्या वस्तू दाखवतो, दुर्गासाठी, म्हणजे तो नसताना वारलेल्या मुलीसाठी, आणलेली साडी पुढे करतो, आणि त्याची बायको सर्वजया कोसळते, तिचं तोंड उघडतं पण आपल्याला तिचं रडणं ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई हे वाद्य येतं. आवाज बंद करून बघितलंस तर तो एका बाईचा रडण्याचा शॉट आहे. आवाजासकट बघितलंस तर तिच्या गळ्यातून माणसाचा नसलेला सूर बाहेर पडतो. हे नुसतं ‘पार्श्वसंगीत परिणामकारक आहे’ म्हणून सोडून दिलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं, ऑथर थिअरीबद्दल कुणी बोललं नाही. फ्रेंच समीक्षक त्रुफोचा लेख 1954 चा, समीक्षक अँड्र्यू सॅरिसने ती 1962 मध्ये अमेरिकेत नेली आणि पुढच्याच वर्षी दुसरी समीक्षक पॉलीन केलने त्याच्यावर कडाडून टीका केली. मूळ भांडण मोलाचं होतं, स्टुडिओच्या चाकोरीत काम करणाऱ्यालाही स्वतःची शैली असू शकते हे त्यातून कळलं. पण विद्यार्थ्यांच्या हातात ती आली की ‘दिग्दर्शकाला इथे असं म्हणायचं आहे’ एवढंच उरतं. दिग्दर्शकाला काय म्हणायचंय ते आपल्याला कसं कळणार? एक व्यायाम सांगतो, निबंधातलं प्रत्येक ‘दिग्दर्शकाने दाखवलं आहे’ खोडायचं आणि त्या जागी सीनमधल्या एखाद्या गोष्टीला कर्ता करायचं. कॅमेरा वर जातो, गाठोडी वाढत जातात, मारिया फ्रेममधून जाते. वाक्यं आपोआप नेमकी होतात. शिवाय ‘बायसिकल थीव्ज’मध्ये डे सिकाइतकाच पटकथाकार झावातिनीचाही वाटा आहे, पटकथा तर कितीतरी जणांनी मिळून लिहिलीय, तिथे एकच कर्ता धरला तर बाकीच्यांचं काय?

कोरी_वही

चार दिवसांनी येतेय, माफ करा, पण रिकामी बसले नव्हते.

शेवटच्या सीनपासून सुरुवात केली आणि रकाने भरता भरता एका गोष्टीत अडकले. बाझाँने लिहिलंय की ब्रुनोसाठी मुलगा निवडताना डे सिकाने त्याचा अभिनय बघितला नाही, तो त्या उंच माणसाशेजारी कसा चालतो ते बघितलं. हे मी आधीही वाचलं होतं, परीक्षेसाठी पाठही केलं होतं, पण त्याचा अर्थ आत्ता लागला. म्हणून मी एक जास्तीचा रकाना आखला, ब्रुनो बापापासून किती लांब चालतोय. आणि सगळा सिनेमा त्या एका रकान्यासाठी परत बघितला.

सकाळी दोघं कामावर निघतात तेव्हा बरोबरीने, बापासारखेच कपडे, बापासारखीच ऐट. शोध सुरू झाला की बाप पुढे आणि मुलगा मागे धावत, बापाला मागे वळून बघायला वेळ नाही. मग चोराला ओळखणारा म्हातारा चर्चमधून निसटतो, ब्रुनो त्यावरून काहीतरी बोलतो आणि बाप त्याला थोबाडीत मारतो, तिथून पुढे ब्रुनो मुद्दाम लांबून चालतो, जवळ यायला तयार नाही. लगेच नदीवर कुणीतरी मुलगा बुडतोय असा आरडाओरडा आणि अंतोनियो धावत सुटतो, आणि तो दुसराच मुलगा निघतो. त्यानंतर दोघं हॉटेलात, एका टेबलावर, समोरासमोर. म्हणजे अंतर वाढतं, बापाला भीती वाटते, अंतर कमी होतं. आणि शेवटी बाप ब्रुनोला ट्रामने जायला सांगतो, म्हणजे पहिल्यांदाच तो स्वतः मुलाला लांब पाठवतोय, कारण जे करायचंय ते मुलाने बघायला नको. आणि ब्रुनोची ट्राम चुकते.

लोक बापाला पकडतात, गर्दीत त्याची हॅट पडते, ब्रुनो ती उचलतो, झटकतो. मग दोघं चालायला लागतात. बाप रडतोय. आणि हात ब्रुनो पुढे करतो. मी थांबवून थांबवून बघितलं, आधी मुलाचाच हात जातो.

मला इतकी वर्षं वाटत होतं की सायकल मिळत नाही म्हणून रडू येतं. आता वाटतंय की सकाळी जो मुलगा बापाची नक्कल करत चालत होता तो संध्याकाळी बापाला हाताला धरून नेतोय म्हणून येतं. माझा प्रश्न असा ठरवलाय, ‘दोघांमधलं अंतर या सिनेमात बाप असण्याबद्दल काय सांगतं?’ मुख्य पद्धत रूपाचीच, बाझाँ सोबतीला, आणि मारिया नसण्याबद्दलचा एक भाग, कारण ती असती तर हे अंतर असं दिसलंच नसतं. बाकीच्या पद्धतींचं नावही काढणार नाहीये. उजेड_अंधार मॅडम, तुमची कसोटी लावली, हात आधी बापाचा गेला असता तर माझं विधान पडलं असतं. बरोबर चाललंय का?

उजेड_अंधार

अगदी बरोबर, आणि मनापासून आनंद झाला. फक्त मार्क्सवादी प्रश्न पूर्ण टाकून देऊ नकोस, बाप मुलाला लांब पाठवतो ते कशामुळे, नोकरी जाईल म्हणून, तेव्हा अंतराचं कारण घराबाहेर आहे. दोन ओळी पुरेत. आणि ‘बाप असणं’ हे मोठं होतंय, ‘बापाचा अधिकार’ असं म्हटलंस तर हातात मावेल.

कैची_आणि_टेप

अंतराचा रकाना मला सुचला नसता, मस्तच. एक भर घाल, ते कुठल्या बाजूने दिसतात. शेवटच्या शॉटमध्ये दोघं आपल्याकडे पाठ करून गर्दीत मिसळतात. त्याआधी कधी कधी त्यांच्या पाठी दिसल्या ते तपास.

कोरी_वही

पाठी मोजल्याच नव्हत्या! परत लावतेय.